काटा आणि काठी

१९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये आमच्या पनवेलबद्दल जेमतेम काही ओळी आहेत. त्यातली एक मला फार आवडते. गावचा मुख्य धंदा बैलगाडीची चाकं बनवण्याचा, आणि देशावरून आलेला प्रत्येक गाडीवान परत जाताना चाकांची एक जोडी सोबत नेतो, असा तिचा मतलब. कारण सरळ आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये सुरू झाला आणि घाटाखालचं मोठं गाव पनवेल. घाट उतरून आलं की चाकं खिळखिळी व्हायची, परत चढायच्या आधी बदलायची. म्हणजे एका गाडीचा भाग काढून दुसरा बसवणं हा या गावचा जुना व्यवसाय आहे. बैलगाड्या गेल्या, ट्रक आले, पण धंदा तोच राहिला.

आजचा विषय मात्र चाक नाही, टाकी. पेट्रोलची किंवा डिझेलची. एका जुन्या गाडीची टाकी काढून दुसऱ्या जुन्या गाडीला बसवली की नेमकं काय होतं, आणि आपल्याकडे ही वेळ इतक्या वेळा का आली, याचा शोध मी गेले तीन-चार शनिवार-रविवार घेत होतो. "विषय काय काढलायस, टाकी!" असं घरी ऐकवून झालेलं आहे. तरी लिहितोच.

आधी थोडं यंत्राबद्दल. टाकीत एक तरंगणारा गोळा किंवा डबी असते, तिला एक दांडी, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक बदलता रेझिस्टन्स. इंधन कमी झालं की डबी खाली, दांडी फिरते, रेझिस्टन्स बदलतो. तिथून एक वायर डॅशबोर्डवरच्या गेजला जाते आणि काटा हलतो. टाकीतल्या या भागाला पुस्तकात सेंडिंग युनिट म्हणतात. गॅरेजमध्ये नुसतं 'फ्लोट' म्हटलं तरी पोचतं. रेडिओचा आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे जे असतं, साधारण तेच.

पण हे यंत्र मोटारगाडीइतकं जुनं नाही. फोर्डची मॉडेल टी (१९०८ ते १९२७) बघा. तिला काटा नव्हता. टाकी पुढच्या सीटखाली, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडे उतरायचं, पंपही नव्हता. किती उरलंय ते बघायचं तर सीट काढायची, झाकण उघडायचं आणि काठी बुडवायची. पेट्रोल कमी असताना चढ लागला की टाकी इंजिनापेक्षा खाली जायची आणि गाडी बंद पडायची. म्हणून लोक चढावर गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे. पुढची मॉडेल ए (१९२८ ते १९३१) आली तिची टाकी चालकाच्या समोरच, काचेच्या खाली, आणि गेज थेट टाकीवरच. वायर नाही, वीज नाही, डबी वर-खाली झाली की आकडा फिरला. हे गेज चुकायला जागाच फार कमी. टाकी मागे गेली, मध्ये वायर आली आणि खरी भानगड सुरू झाली.

भानगड अशी, की प्रत्येक कंपनीनं रेझिस्टन्सचे आकडे आपापले ठरवले. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या १९६४ पर्यंतच्या गाड्यांत टाकी रिकामी असेल तर ० ओहम, भरलेली असेल तर ३०. १९६५ पासून त्यांनीच ते ० ते ९० केलं. क्रायस्लरच्या १९६० च्या दशकातल्या गाड्यांत उलटं: रिकामी ७३, भरलेली १०. स्टुअर्ट वॉर्नरसारख्यांनी बाजारात सुटे विकलेले गेज रिकामी २४०, भरलेली ३३. जर्मन व्हीडीओ कंपनीचं रिकामी १०, भरलेली १८०. आणि १९४० च्या दशकातल्या फोर्ड गाड्यांत तर असा रेझिस्टन्सच नव्हता, दोन धातूंची पट्टी तापून टाकीतच संपर्क जोडायची-तोडायची आणि त्या सरासरी करंटवर काटा चालायचा. बाकीच्यांचं गेज तपासताना मेकॅनिक टाकीकडून येणारी वायर बॉडीला टेकवून बघतो. या फोर्डमध्ये तसं केलं की गेज जळायचं.

आता यातली गंमत बघा. टँक युनिट टाकीवर पाच स्क्रूंनी बसतं, आणि अमेरिकेतल्या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेनं, म्हणजे एसएईनं, त्या पाच भोकांची जागा प्रमाण करून टाकली होती. भोकं मुद्दाम असमान अंतरावर, म्हणजे युनिट एकाच दिशेनं बसेल, फिरवून चुकीचं लावता येणार नाही. केवढा विचार केलेला! बऱ्याच जुन्या अमेरिकन गाड्यांना आणि जीपना हीच पाच भोकं. म्हणजे एकाचं युनिट दुसऱ्याच्या टाकीवर मस्त बसतं. पॅकिंग बसतं, स्क्रू बसतात, गळत नाही. फक्त काटा खोटं बोलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव जुळतंय, आर्ग्युमेंटची संख्या जुळतेय, कंपायलर गप्प आहे आणि आतला अर्थ मात्र उलटा आहे. असा बग सगळ्यात वाईट.

किती उलटा ते करून बघू. जुन्या शेव्हरोलेची टाकी, तिच्यातल्या युनिटसकट, ७३-१० वाल्या गेजच्या गाडीला लावली. टाकी पूर्ण भरली तर युनिट ३० ओहम देणार, म्हणजे गेज साधारण मधे कुठेतरी. ठीक आहे, चालक म्हणतो अर्धी आहे. मग गाडी चालते, इंधन कमी होतं, रेझिस्टन्स ३० वरून खाली उतरतो आणि काटा वर चढायला लागतो! १० ओहमवर गेज म्हणतं टाकी फुल्ल, तेव्हा टाकीत तिसरा हिस्सा उरलेला. पार कोरडी झाली की ० ओहम, काटा फुल्लच्याही पलीकडे जाऊन टेकलेला. वर करंट नेमलेल्यापेक्षा जास्त, त्यामुळे गेज जळण्याचीही सोय.

एखाद्यानं विचारावं, पण मुळात शेव्हरोलेची टाकी दुसऱ्या गाडीला लावायची कशाला? इथे इतिहास येतो.

जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला. फोर्डचेही मुंबई, कलकत्ता, मद्रासला होते. सुटे भाग पेटीतून यायचे, इथे नटबोल्ट आवळायचे. मग दुसरं महायुद्ध झालं, आणि ते संपल्यावर लष्कराच्या जीप आणि ट्रक 'डिस्पोजल'मध्ये विकायला निघाले. विलीज आणि फोर्डनं मिळून युद्धात सहा लाखांच्या वर जीप बनवल्या होत्या, त्यातला आपल्या वाट्याचा ढीग इथल्या रस्त्यांवर आला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं, की ज्यांना इथे भाग बनवायचे नाहीत, नुसत्या जुळवायच्या आहेत, त्यांनी गाशा गुंडाळावा. सरकारनं ते मानलं. शिवडीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, फोर्डनंही त्याच सुमारास आवरतं घेतलं. धोरण म्हणून मला ते चुकीचं वाटत नाही. त्यातूनच इथले कारखाने उभे राहिले. पण एक गोष्ट त्यात कोणी धरली नव्हती. कंपनी जाते, गाडी राहते. घाटात मालवाहतूक करणारा शेव्हरोलेचा ट्रक काही १९५४ ला थांबला नाही. तो पुढे कित्येक वर्षं चालला, आणि त्याचे भाग यायचे बंद झाले. आयात परवान्याशिवाय एक फ्लोट मागवता येत नव्हता.

राहिले ते असे: वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कुर्ल्याला, क्रायस्लरच्या परवान्यानं डॉज आणि फार्गो ट्रक बनवणारी. महिंद्रा, १९४७ पासून विलीज जीप जुळवणारी. १९५४ पासून टेल्कोचे टाटा-मर्सिडीज. नंतर बजाज टेम्पो, जिनं तीनचाकीपासून सुरुवात केली आणि कंपनीचं नाव मराठीत सामान्यनाम करून ठेवलं. २००५ मध्ये कंपनीनं स्वतःचं नाव फोर्स मोटर्स केलं, तरी आपण सामान हलवायला अजून टेम्पोच बोलावतो :-)

मूळ टाकी गंजली की काय करायचं? टाकी गंजते आतून, तळाला साचणाऱ्या पाण्यानं. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा दमट, अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडते, आत दव धरतं, ते पाणी पेट्रोलच्या खाली बसतं. वरून चांगली दिसणारी टाकी खालून चाळण. मग कुर्ल्याच्या भंगारबाजारात जायचं, मापानं जवळची टाकी उचलायची, पट्टे कापून-वाकवून चासीला लावायची. फार्गोला जीपची, जीपला आणखी कशाची. त्या काळात कागदपत्रांचाही अडथळा नव्हता आणि आजही फारसा नाही: आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, इंधन कोणतं ते असतं. टाकी कोणाची, ते कुठेच लिहिलेलं नसतं. त्यामुळे या अदलाबदलीची नोंद कुठल्याही सरकारी कागदात सापडणार नाही. ती फक्त गाड्यांच्या पोटाखाली आहे.

दुसरी लाट १९७३ नंतरची. तेलाचे भाव भडकले, पेट्रोल एकदम महागलं. वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. डिझेल स्वस्त, म्हणून पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायची टूम निघाली. महिंद्रानं स्वतःही सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरवरून आलेलं डिझेल इंजिन जीपमध्ये घातलं, पुढे प्यूजोचं एक्सडीपी ४.९० आलं. कारखान्यातून आलेल्या गाडीचं ठीक. पण गॅरेजमध्ये पालटलेल्या गाडीत इंजिन नवीन आणि टाकी जुनीच, पेट्रोलची.

पेट्रोलच्या टाकीत डिझेल भरलं तर बिघडतं काय? टाकीला एकच तोंड बाहेर जाणारं. कार्बोरेटर लागेल तेवढंच घेतो. डिझेलचा पंप आणि नोझल मात्र लागतं त्याहून जास्त घेतात आणि उरलेलं परत पाठवतात. ते परत यायला टाकीला दुसरी नळी हवी, ती पेट्रोलच्या टाकीला नाहीच. मग कोणी ती भरण्याच्या नळीत सोडायचं, कोणी टी जोडून पुन्हा पंपाच्या वाटेवर घालायचं. हा दुसरा प्रकार घातक, कारण परत येणाऱ्या डिझेलमध्ये हवेचे बुडबुडे असतात आणि ते टाकीत सुटून जायच्याऐवजी पुन्हा पंपात जातात. शहाणे मेस्त्री डिझेल जीपची अख्खी टाकीच आणून बसवायचे. म्हणजे पुन्हा तेच, टाकी एकीची आणि गेज दुसरीचं.

आणि नवीन भोक पाडायचं ठरवलंच, तर खरा धोका तिथे आहे. पेट्रोलची भरलेली टाकी जितकी भीतीदायक वाटते त्याहून रिकामी टाकी वाईट. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड टक्का ते साडेसात टक्के असली की ठिणगीनं स्फोट होतो, आणि 'रिकामी' टाकीत नेमकं तेच मिश्रण असू शकतं. आठवडाभर उन्हात ठेवलेली टाकीसुद्धा जोडावर आणि गंजात पेट्रोल धरून असते, ज्योत लागली की तापून ते बाहेर येतं. म्हणून जाणकार टाकी अनेकदा धुऊन, काठोकाठ पाणी भरून, काम करायची तेवढीच जागा वर मोकळी ठेवून, मग हात लावतात. कितीतरी जण हे पुस्तकातून शिकलेले नाहीत. शेजारच्या दुकानात काय झालं ते बघून शिकलेले आहेत.

इथल्या जुन्या हायवेलगत एक वयस्कर मेस्त्री आहेत, नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. मी त्यांना रेझिस्टन्सचे आकडे सांगायला लागलो तर म्हणाले, "अरे बाळा, ओहम-बिहम आम्हाला कुठलं? काटा उलटा चालला तर दांडी उलटी वाकवायची." मला आधी ही थाप वाटली. मग त्यांनी एक युनिट हातात दिलं. खरंच, काही युनिटांत दांडी काढून दुसऱ्या बाजूनं लावता येते, मग रिकाम्याचं भरलेलं होतं. आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण काटा निदान योग्य दिशेनं चालतो. त्यांच्याकडून कळलेल्या आणखी दोन गोष्टी: पितळी डबीला बारीक भोक पडलंय का ते बघायला ती गरम पाण्यात बुडवायची, आतली हवा फुगते आणि बुडबुडा नेमका भोकातून येतो, तिथे डाग द्यायचा. आणि टाकी नवी रंगवून बसवली, खाली रबर घातलं की गेज हमखास वेडं होतं, कारण युनिटचं अर्थिंग टाकीच्या पत्र्यातून चासीला जातं आणि रंग-रबरानं ते तुटतं. निम्म्या लोकांनी नवं गेज विकत घेतलेलं असतं, हवी असते फूटभर वायर. त्यापुढे त्यांचं म्हणणं एवढंच, "काट्याकडे बघायचं कशाला? काठी घाल ना."

काठी म्हणजे तीच मॉडेल टी वाली. टाकीचं झाकण उघडायचं, काठी तळाला टेकवायची, ओलं कुठवर आलं ते बघायचं. ज्या ट्रकांची टाकी चासीच्या बाजूला उघडी असते आणि झाकण सरळ वर, त्यांना हे सोपं. काट्याची अब्रू गेल्यावर आपल्याकडच्या दोन पिढ्यांनी काठीवर गाड्या चालवल्या. मी आधी याला गैरसोय समजत होतो. आता वाटतं की काठी उत्तम, फक्त तिची एक अट आहे जी लोक विसरतात. खाचा मारलेली काठी एकाच टाकीची असते. युद्धातल्या विलीज जीपची टाकी १५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर; तिच्यानंतरच्या सीजे-३बी ची साडेदहा गॅलन, सुमारे ४० लिटर. दोन्ही सीटखाली. एकीच्या काठीवरची '२० लिटर'ची खाच दुसरीत २० लिटर नाही. टाकी बदलली तर काठीही नव्यानं कोरावी लागते, पाच-पाच लिटर ओतून.

काठी आणि आकडा यांची फारकत झाली तर काय होतं त्याचं प्रसिद्ध उदाहरण विमानाचं आहे. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. इंधनाची गेज बंद होती, म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. मोजमाप बरोबर होतं! पण लिटरचे किलो करताना ०.८ ऐवजी १.७७ नं गुणलं, तो आकडा पौंडांचा होता. ४१ हजार फुटांवर दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत आणून गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, ६९ माणसं वाचली. काठीनं खरंच सांगितलं होतं, वाचणाऱ्यानं दुसऱ्याच भाषेत वाचलं.

घाटात तरंगत उतरायची सोय नाही. डिझेल गाडी कोरडी पडली की नळ्यांत हवा जाते, मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही, पंपाची एअर काढत बसावं लागतं, चढावर, मागे ट्रकांची रांग लावून. उतारावर बंद पडली तर आणखी वाईट. ज्या गाड्यांच्या ब्रेकला व्हॅक्यूमची मदत असते त्यांत इंजिन थांबल्यावर दोन-तीनदा पाय दाबेपर्यंतच ती मदत उरते, नंतर पेडल दगड होतं. एक्सप्रेस-वे २००२ मध्ये पूर्ण सुरू होण्याआधी मुंबई-पुण्याची सगळी जड वाहतूक जुन्या घाटरस्त्यानंच जात होती. त्यात किती गाड्यांचे काटे उलटे चालत असतील, मोजलेलं कुणी नाही.

आताच्या गाड्यांत टाकीचं युनिट बहुतेक पंपाबरोबर एकत्रच येतं, आकडा कॉम्प्युटरकडे जातो आणि 'अजून इतके किलोमीटर' असं स्क्रीनवर उमटतं. दुसऱ्या मॉडेलची टाकी लावायचा प्रश्न येत नाही, ती बसतच नाही. पण जुनी जीप किंवा सीजे घेऊन हौसेनं उभी करणारे पोरं-पोरी पनवेल, कर्जत, लोणावळ्याकडे वाढतायत, आणि त्यांना भंगारातूनच टाक्या मिळतात. त्यांच्यासाठी एक काम सांगतो. टाकी घेताना तिच्यातलं युनिट बाहेर काढा, साधा मल्टिमीटर लावा, दांडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून दोन आकडे घ्या. तेच दोन आकडे मार्करनं टाकीच्याच पत्र्यावर लिहून ठेवा, कारण पाच-दहा वर्षांनी ती टाकी आणखी कुणाच्या तरी गाडीखाली जाणार आहे.